कमलापूरच्या तांड्यावर



कबुलीजबाबाची जागा साप्ताहिकाचे पान नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही हा प्रवासवृत्तान्त एका कबुलीनेच सुरू करणे भाग आहे. २०२४ सालच्या जून महिन्यात एका रविवारी आम्ही प्रवचनात एक गोष्ट सांगितली. ब्राझील देशात ॲमेझॉनच्या अरण्यात मारुबो नावाची एक जमात राहते. तिला उपग्रहाच्या वाटेने इंटरनेट मिळाले आणि नऊ महिन्यांच्या आत ती सारी जमात अश्लील चित्रांच्या आहारी गेली. तरुणांनी शिकार सोडली, मुली झोपाळ्यात लोळत पडू लागल्या, म्हाताऱ्यांनी कपाळाला हात लावला. एका वृत्तपत्रातले कात्रणच आमच्या झग्याच्या खिशात होते. आमचा रोख अर्थात मारुबोंवर नव्हता. जेवणाच्या ताटावरही मोबाईलमध्ये मान घालून बसणारी आमची मुले आमच्या डोळ्यांसमोर होती. प्रवचन रंगले. मिस्सा संपल्यावर दोघातिघांनी मुद्दाम येऊन ते कात्रण मागितले.

पुढे वर्षभराने आमच्या धर्मग्रामातील एक कॉलेजात शिकणारी मुलगी आम्हांस म्हणाली, "फादर, ती मारुबो माणसे आता कोर्टात गेली आहेत." तेव्हा कोठे आम्ही मूळ प्रकरण शोधून वाचले. न्यूयॉर्क टाइम्स या पत्राने २ जून २०२४ रोजी त्या जमातीविषयी सविस्तर वृत्तान्त दिला होता. सुमारे दोन हजार वस्तीची ही जमात, जावारी खोऱ्यात इतुई नदीच्या काठी राहणारी. साप चावला तर आता तातडीने मदत बोलावता येते, दूर शिकणाऱ्या मुलांशी बोलता येते, हे त्यात होते. मुले आळसावली, काही तरुण नको ती चित्रे एकमेकांस पाठवितात, अशी एका नेत्याची तक्रारही होती. जगभरच्या अनेक पत्रांनी आणि संकेतस्थळांनी बाकी सारे गाळून त्या तक्रारीचा मथळा केला आणि एका माणसाच्या काळजीचे साऱ्या जमातीचे व्यसन झाले. ११ जून रोजी मूळ पत्रानेच त्याचे खंडन छापले. पुढे २०२५ च्या मे महिन्यात मारुबोंनी लॉस एंजेलिस येथील न्यायालयात मूळ पत्रावर आणि आणखी दोन वृत्तसंस्थांवर बदनामीचा दावा गुदरला. मागणी निदान अठरा कोटी डॉलरांची. त्या दाव्याचा निवाडा न्यायालयाचे काम. आम्हांस मात्र आमच्यापुरता एक निवाडा करावयाचा होता. आमचे प्रवचन त्या खंडनाच्या आधीचे की नंतरचे, हे आम्ही दिनदर्शिकेत पाहिले. नंतरचे होते.

त्या मूळ वृत्तान्तात आणखी एक बाब होती, आणि ती वाचून आम्ही विशेष ओशाळलो. मारुबोंच्या प्रमुखांनी इंटरनेट सकाळी दोन तास आणि सायंकाळी पाच तास चालू ठेवावयाचे, एरवी बंद, असा नियम घालून घेतला होता. (रविवारी मात्र दिवसभर चालू, तेवढा भाग धर्मगुरूने वाचून सोडून द्यावा.) असा नियम करणारे एकही घर आमच्या धर्मग्रामात आम्हांस ठाऊक नाही, आमच्या स्वतःच्या खोलीतही तो नाही. ज्यांची उपमा देऊन आम्ही लोकांस दटावले, ते या बाबतीत आमच्या चार पावले पुढे होते.

याच सुमारास आमच्या सेमिनरीतील एका जुन्या सोबत्याचे पत्र आले. ते कलबुर्गीकडे सेवेस आहेत. त्यांनी लिहिले, "आमच्याकडे कमलापूरच्या पुढे एका तांड्यावर नुकतेच नेट आले आहे. तुम्ही प्रवचनांतून जमातींविषयी फार बोलता असे ऐकतो. एकदा येऊन पाहून जा." टोमणा बसावयाचा तेथे बसला. २०२५ च्या डिसेंबरात आम्ही मुंबईहून बीदरची रात्रीची गाडी धरली.

पहाटेनंतर लातूर रोड, उदगीर ही स्टेशने मागे पडली. कमालनगर येताच स्टेशनच्या पाटीवर कन्नड अक्षरे दिसली आणि आपण राज्य ओलांडले हे कळले. पाटीखेरीज मात्र काही बदलले नाही. तीच काळी रानं, तीच तूर, डब्यात तीच मराठी. भालकीस चढलेल्या दोन बायका एकमेकींशी मराठी, चहावाल्याशी कन्नड आणि तिकीट तपासनिसाशी दखनी बोलल्या; भाषा बदलताना त्यांचा श्वासही अडखळला नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. नकाशावरची रेघ नवी आहे, माणसे जुनी आहेत.

बीदरात सोबत्याने अर्धा दिवस मोकळा ठेवला होता. किल्ल्याची तटबंदी, तांबडा जांभा दगड, बिदरी कामाच्या दुकानांतील काळ्या सुरया, हे सारे पाहण्यासारखे आहेच. पण आम्ही रेंगाळलो ते महमूद गवानच्या मदरशापाशी. १४७२ साली बांधलेली ही विद्यापीठाची वास्तू; आज तिचा एकच मिनार उभा आहे आणि त्यावरील निळ्याहिरव्या फरश्यांचे तुकडे उन्हात चमकतात. हा गवान इराणातून आलेला व्यापारी. बहामनी राज्याचा तो वजीर झाला आणि दरबारातील हेवेदाव्यांत सापडला. त्याच्या शिक्क्याच्या कोऱ्या कागदावर ओरिसाच्या राजास लिहिलेले एक बनावट पत्र तयार करण्यात आले आणि ते सुलतानाच्या हाती पोचविण्यात आले. सुलतानाने खातरजमा केली नाही. १४८१ च्या एप्रिलात म्हाताऱ्या वजिराचे शिर उडविले गेले. पत्र खोटे होते हे सुलतानास नंतर कळले, आणि वर्षभरात तोही गेला. सोबती आमच्याकडे पाहत होते. आमच्या खिशात त्या दिवशी कात्रण नव्हते, तरी हात खिशाकडे गेलाच.

बीदर ते कलबुर्गी हा सुमारे ११० किलोमीटरांचा लोहमार्ग २०१७ च्या ऑक्टोबरात पुरा झाला. वाटेत मरगुत्तीचा बोगदा लागतो. गाडी बोगद्यात शिरली आणि डब्यातील सारे मोबाईल एकदम मुके झाले. समोर बसलेला एक लहान मुलगा, ज्याने बीदरपासून मान वर केली नव्हती, त्याने प्रथमच आमच्या पांढऱ्या झग्याकडे निरखून पाहिले. बोगदा संपला, मान पुन्हा खाली गेली. हा मुलगा तांड्यावरचा नव्हता. त्याचे वडील बँकेत नोकरीस होते.

कमलापूरला उतरताच आमच्यातला वसईकर जागा झाला. येथील लाल केळी प्रसिद्ध आहेत. जाड, बुटके, तांबूस सालीचे फळ; आतून गर किंचित केशरी झाक असलेला, आणि गोडीला एक वेगळाच वास. सुकेळीवर वाढलेल्या जिभेला दुसऱ्या गावचे केळे सहसा पसंत पडत नाही. आम्ही चार खाल्ली. बागाइतदाराला बुंधा, पाणी, खत असे इतके प्रश्न विचारले की सोबत्याला घड्याळ दाखवावे लागले.

तांडा तेथून काही मैलांवर, तुरीच्या रानांपलीकडे एका उतारावर आहे. त्याचे नाव आम्ही येथे देत नाही; कारण पुढे येईल. तेथे पोचण्यापूर्वी वाचकांनी बंजारा समाजाविषयी थोडे ऐकावे. वर्तमानपत्रांत तांड्यांविषयी 'जगापासून तुटलेले' हा शब्दप्रयोग हटकून येतो. वास्तविक शेकडो वर्षे या देशातील जगाला जोडण्याचे काम याच लोकांनी केले. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून ते उत्तरेतून दख्खनेत येत. मोगलांच्या छावण्यांस दाणागोटा त्यांनीच पुरविला. 'लमाण' हे नाव लवणावरून आले असे पुष्कळ अभ्यासक मानतात. बैलांबरोबर मुलखामुलखाच्या खबराही चालत. पुढे इंग्रजांचे रस्ते आणि आगगाड्या आल्या; मीठ वाघिणींतून जाऊ लागले, बैल विकले गेले, आणि पिढ्यान्पिढ्या चालणारी माणसे जेथे थांबली तेथे तांडा झाला. ती जगापासून तुटली नाहीत. जगाने वाट बदलली.

आणि 'जमात' म्हणावे, तर तेही कोणत्या बाजूस उभे राहून म्हणतो यावर आहे. हाच बंजारा तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि आमच्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडतो. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्रात हजारो बंजारा जमातीच्या सवलती मागत रस्त्यावर उतरले ते याच कोड्यापायी. कमलापूरहून सकाळी निघालेल्या माणसाने मोटारीने दोन्ही सीमा ओलांडल्या, तर रात्रीपर्यंत तो तीन वेगवेगळ्या सरकारी रकान्यांत बसून परत येईल.

आम्ही पोचलो तेव्हा तांडा अर्धा रिकामा होता. ऊसतोडीचे दिवस, घरांना कुलपे, अंगणात उलटी घातलेली घागर. मागे राहिली होती ती म्हातारी माणसे, शाळेची मुले आणि तुरीच्या कापणीपुरती काही कुटुंबे. "जय सेवालाल" म्हणून नायकाने आमचे स्वागत केले. हा साठीचा माणूस पुण्यात अकरा वर्षे बांधकामावर होता. त्याची मराठी आमच्याहून झपझप चालत होती. सोबत्याने लिहिलेल्या "नुकतेच नेट आले" या वाक्यावर तो हसला.

"फादर, नेट आमच्याकडे आठ वर्षं आहे. खांब नुकता आला. त्याआधी त्या चिंचेखाली मिळायचं. आमची पोरं दहावीला चिंचेखालीच पास झाली."

सोबत्यांनी खाली पाहिले. त्यांनीही कोठेतरी वाचलेच असणार.

खांब उभा राहिला तेव्हा एका वाहिनीचे लोक गाडी घेऊन आले होते, असे नायकाने सांगितले. तांड्याचे नाव न देण्याचे कारण हेच. त्याला पुन्हा तशी गाडी नको आहे. त्यांनी सारे घर पालथे घालून नायकाच्या वृद्ध आईचा जुना फेट्या आणि आरशांची कांचळी बाहेर काढविली. याडी ती आता सणासुदीलाच घालते. एरवी साधे लुगडे. ती तिला घालायला लावली, हातांत बलिया चढविल्या, आणि एक मोबाईल देऊन सांगितले, "याकडे असं पाहा, जणू पहिल्यांदाच पाहता आहात." याडी म्हणाली, "हा मला चालवता येत नाही. माझा वेगळा आहे." तिने आपला काढून दाखविला. तो त्यांनी चित्रणात घेतला नाही.

याडीचा तो मोबाईल आम्ही पाहिला. काच तडकलेली, मागे रबराचे वेटोळे. तीत ती गोर बोलीची गाणी ऐकते. या बोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, इकडे कन्नडात, तेलंगणात तेलुगूत, आणि त्यामुळे एका तांड्याचे पुस्तक दुसऱ्या तांड्यास वाचता येत नाही. गाण्याला ती अडचण नाही. नांदेडकडच्या कोणा बाईने म्हटलेले गाणे याडी कमलापुरात बसून ऐकते आणि मधूनच तिचा एखादा शब्द चुकला म्हणून रागावते. मुलगा ऊस तोडायला गेला आहे. रात्री आठ वाजता तो फडावरून चेहरा दाखवितो. त्यापूर्वी पावणेआठपासून याडी ओट्यावर येऊन बसते.

आम्ही विचारले, नेट आल्याने सर्वांत मोठा फरक काय पडला? आमच्या मनात गाणी, चित्रे, तरुण मुले हेच होते. नायक म्हणाला, "हजेरी." आम्हांस अर्थबोध झाला नाही. मग त्याच्या सुनेने समजावून दिले. २०२३ च्या जानेवारीपासून रोजगार हमीच्या कामावरची हजेरी मोबाईलवर सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र कामाच्या जागेवरून चढवावयाचे. छायाचित्र चढले नाही तर दिवस भरला नाही. त्या उन्हाळ्यात त्यांचे काम नाल्याच्या तळाशी होते आणि तेथे रेंज नव्हती. "माती काढली आम्ही, ती नाल्याच्या काठावर अजून पडलेली आहे. पण फोटो नाही, म्हणून माती नाही." असे तिचे तीन दिवस गेले. शिधापत्रिकेचे धान्यही यंत्राने अंगठा ओळखला तरच; रेंज गेली की अंगठाही अनोळखी. इतके दिवस आम्ही समजत होतो की नेट हा मनुष्याच्या करमणुकीचा प्रश्न आहे. येथे तो भाकरीच्या टोपल्यात जाऊन बसला होता. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये मोबाईल सेवा न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तेव्हा कोण बिघडणार याची चर्चा पुष्कळ झाली असेल. नाल्याच्या तळातील मजुरी कोणी मोजली?

नायकाने मग ट्रंकेतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला. हा त्याच्या घराचा हक्कपत्र. हा तांडा त्याच्या आजोबांच्या वेळेपासून येथे आहे, परंतु सरकारी दप्तरी तो गाव नव्हता. घर होते आणि घराखालची जमीन कोणाची हे सांगता येत नव्हते. १९ जानेवारी २०२३ रोजी याच जिल्ह्यात मळखेड येथे पंतप्रधानांच्या हस्ते पन्नास हजारांहून अधिक कुटुंबांस असे हक्कपत्र देण्यात आले. कलबुर्गी, यादगीर, रायचूर, बीदर आणि विजयपूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १४७५ अशा वस्त्या महसुली गावे म्हणून नोंदल्या गेल्या होत्या. (हे मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, आज तेथे किल्ल्याचे पडके बुरूज आहेत.) उपग्रहाला जो तांडा केव्हाच दिसत होता, तो तहसील कचेरीला इतक्या उशिरा दिसला. नायकाने खांबाकडे बोटही केले नाही. तो कागद मात्र त्याने दोनदा उलगडून दोनदा घडी घातला.

बिघाड मुळीच नाही, असे सांगून आम्ही वाचकांस दुसऱ्या बाजूने फसविणार नाही. एका घराच्या कुलपाकडे बोट दाखवून नायकाने सांगितले की त्या तरुणाने ऊसतोडीची उचल मोबाईलवरील पत्त्यांच्या जुगारात घालविली, आणि आता नवराबायको दोघे उचल फेडण्यासाठी दुप्पट हंगाम तोडीत आहेत. संसदेने पैसे लावून खेळावयाच्या अशा खेळांवर २०२५ च्या ऑगस्टात बंदीचा कायदा केला. या घराला तो उशिरा आला. ऐकून आम्ही गप्प राहिलो. आमच्या धर्मग्रामातही असे एक घर आम्हांस ठाऊक आहे. चांगले दुमजली, दारात क्रूस, मुलगा पदवीधर. त्याच्या कर्जाची बातमी कोठेही छापून आली नाही, आणि 'वसईची जमात जुगाराच्या आहारी' असा मथळा कोणी दिला नाही. तो दिला असता तर आम्ही मोर्चा काढला असता.

परतीच्या वाटेवर आम्हांस आमच्याच राज्यातील हरिसाल आठवले. मेळघाटात, अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यात, कोरकूंच्या मुलखातील हे गाव. २०१६ साली देशातील पहिले डिजिटल गाव म्हणून ते गाजले. मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी सोबतीला, दूरवरचा डॉक्टर पडद्यावर, दुकानात कार्ड. पुढे २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरे यांनी सभांतून त्याच गावच्या चित्रफिती दाखविल्या, आणि सरकारी जाहिरातीत झळकलेल्या तरुणासच व्यासपीठावर उभे करून ते सारे पोकळ असल्याचे सांगितले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. आमचाही तेव्हा हसून विश्वास बसला होता, जसा आधीच्या जाहिरातीवरही बसला होता. परंतु आता वाटते, दोन्ही वेळा कोरकू माणूस चित्रातच होता. आधी तो सुखी दिसावा म्हणून उभा केला, मग फसलेला दिसावा म्हणून. यंत्र बंद पडल्यावर दवाखान्यासाठी तो किती कोस चालला, हे ना जाहिरातीत आले ना भाषणात. गावात राहून वर्षभर पाहणाऱ्याला बातमी मिळत नाही; त्याला फक्त माहिती मिळते, आणि ती मथळ्यात मावत नाही.

पण तांड्यावरून निघण्यापूर्वीचा प्रसंग राहिला. ज्वारीची बाटी आणि तुरीचे वरण जेवून झाल्यावर आम्ही नायकास मारुबोंची सारी हकीकत सांगितली. आमचे प्रवचनही लपविले नाही. तो बराच वेळ ऐकत होता. मध्ये त्याने एकदाच विचारले, "त्यांच्यात बैल असतात का?" आम्ही म्हणालो, बहुधा नसावेत, घनदाट अरण्य आहे, ते होड्यांतून फिरतात. त्याने मान हलविली. मग म्हणाला, "तुम्ही त्यांना ओळखता?"

"नाही."

"ते तुम्हांला?"

"नाही."

"मग तुमच्या लोकांनी त्यांचं काय बरं-वाईट करायचं होतं, म्हणून तुम्ही सांगितलंत?"

प्रश्नात राग नव्हता; खरोखर जाणून घेण्याची इच्छा होती. आठव्या आज्ञेवर आम्ही सेमिनरीत परीक्षेस पाच पाने लिहिली होती. त्यांतील एक ओळही त्या अंगणात कामी आली नाही. याडीने तेवढ्यात मोबाईल कानाशी नेला. आठ वाजले होते.

घरी आल्यानंतरच्या रविवारी आम्ही प्रवचनात दुरुस्ती केली. दीड वर्षापूर्वी या ठिकाणाहून सांगितलेली मारुबोंची गोष्ट खोटी होती. त्यांचा नियम असा होता. आणि ज्यांनी कात्रण नेले असेल त्यांनी ते फाडावे, असे स्पष्ट सांगितले. हजेरीची, हक्कपत्राची हकीकतही सांगितली. मंडळींनी शांतपणे ऐकले. मिस्सा संपल्यावर दाराशी एक आजोबा थांबले होते.

"फादर," ते म्हणाले, "पहिल्या वेळी गोष्ट जास्त रंगली होती." आणि मग आवाज खाली आणून, "त्या लाल केळीचा मुनवा मिळेल का हो?"